पंचावन्न डेसिबलच्या आत

१८ मार्च २०२५, मंगळवार. सकाळ.

सान्वीची दहावीची परीक्षा काल संपली. म्हणजे कांताचं ठाण्यातलं काम संपलं. जानेवारीत जाताना ती म्हणाली होती, नातीची परीक्षा आहे, क्षिप्राला ऑफिस आहे, घरात कुणीतरी मोठं हवं. बरोबरच होतं. मी अडवलं नाही. आता परीक्षा नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत येईल. डबेवाल्या बाईंना उद्यापासून डबा बंद करायला सांगितलं.

संध्याकाळ.

आली नाही. क्षिप्राला फोन केला. म्हणाली, बाबा, आई अजून थोडे दिवस राहतेय. किती, विचारलं तर म्हणाली, बघू. ही मुलगी माझ्यावर गेली असती तर नक्की तारीख सांगितली असती.

डबा पुन्हा सुरू केला.

१९ मार्च, बुधवार.

शांत डोक्याने विचार केला. कांता येत नाही याचं कारण एकच, जनरेटर.

दोन वर्षं खपून मी शाळेच्या जुन्या मिनीबसचं मोटरहोम केलं. दोन बेड, ओटा, फ्रिज, एसी, पडदे. सगळं एकट्याने. पडद्यांचा रंगसुद्धा मीच ठरवला. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत अख्खी नोकरी क्वालिटी कंट्रोलला काढली, रंगाबद्दल मला कुणाला विचारावं लागत नाही. डिसेंबरात आम्ही पहिल्या ट्रिपला दिवेआगरला गेलो. गाडी उत्तम चालली. पण फ्रिज आणि एसीसाठी मागच्या कप्प्यात जनरेटर आहे, तो सुरू केल्यावर शेजारच्या तंबूतली मंडळी तंबू उचलून पार टोकाला गेली. सकाळी कांता म्हणाली, घरी तुम्ही बोलत असता, इथे हा बोलतोय, मला जरा शांतता हवी. आणि एसटीने परत आली.

यातला पहिला भाग रागाचा आहे. तो सोडून देऊ. दुसरा भाग तांत्रिक आहे, आणि तांत्रिक गोष्टीला उत्तर असतंच.

ठराव: जनरेटर चालू असताना गाडीच्या आतला आवाज पंचावन्न डेसिबलच्या खाली आणायचा. मोजायला फोनवर अॅप घेतलं आहे. पंचावन्न म्हणजे दोन माणसं जेवताना बोलतात तेवढा. मुहूर्त गुढीपाडवा. देवगडपर्यंत जायचं, माझ्या गावी. कांताला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२० मार्च, गुरुवार.

पहिलं रीडिंग शहाऐंशी.

मोजत असताना पहिल्या मजल्यावरचे प्रभाकर बनियनवर खाली आले. ते दुपारी जेवून झोपतात ते चार वाजेपर्यंत. म्हणाले, परब, ही काय वेळ आहे का, सगळं ठाकुर्ली जागं केलंत, माणसाने वामकुक्षी करायची की नाही. मी त्यांना अॅप दाखवलं. आकड्यात त्यांनी रस घेतला नाही, पण बराच वेळ उभं राहून बोलले. म्हणजे ओरडले, पण मुद्देसूद. मी चहा विचारला. नको म्हणाले. तरी जिन्यापर्यंत जाऊन दोनदा परत आले.

चांगली चर्चा झाली. जानेवारीपासून माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार.

कंपन हे आवाजाचं मूळ. शहाडच्या एका गॅरेजातून जुन्या टायरचे तुकडे आणले आणि जनरेटरखाली बसवले. रीडिंग चौऱ्याऐंशी. दोन डेसिबल म्हणजे लहान गोष्ट नाही. कांताला व्हॉट्सअॅपवर पाठवलं: ८४. सोबत टायरचा फोटो.

तासाभराने तिचा अंगठा आला. तिला उत्सुकता आहे.

२४ मार्च, सोमवार.

अंड्यांचे ट्रे. रेकॉर्डिंग स्टुडिओत भिंतींना लावतात असं एका व्हिडिओत बघितलं. स्टेशनबाहेरच्या भुर्जीवाल्याने गठ्ठाच्या गठ्ठा दिला. एवढे कशाला, त्याने विचारलं. मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी त्याने ऐकून घेतलं.

दुपारभर ट्रे चिकटवले. रीडिंग पंच्याऐंशी. परवाच्यापेक्षा एक जास्त. अॅपमध्ये काहीतरी दोष असावा.

२६ मार्च, बुधवार.

सोसायटीचा सेक्रेटरी संदेश आला होता. पोरगेलासा आहे, बँकेत असतो. म्हणाला, काका, मी परवा पण आलेलो, तुम्ही दार नाय उघडलं. मी खाली गाडीत होतो. म्हणाला, ग्रुपवर लई वाजलंय, लोक बोलतायत पार्किंगमधून अंड्यांचा वास येतो, प्रभाकर काका तर शुद्ध शाकाहारी. मग म्हणाला, कमिटीने ठरवलंय, टेस्टिंग फक्त संध्याकाळी पाच ते सहा. बाकी वेळ स्विच ऑफ, प्लीज.

म्हणजे सोसायटीने मला अधिकृत स्लॉट दिला. क्लबहाऊसलासुद्धा एवढा स्वतंत्र वेळ नाही. त्याला बसवून सरबत दिलं आणि ध्वनी कसा प्रवास करतो ते सांगितलं. त्याला एक फोन आला आणि तो गेला. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नाही. व्हायब्रेटवर असेल.

ट्रे काढले.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

गाडी अजून तयार नाही, पण काम सुरू असताना मुहूर्ताला फार महत्त्व देऊ नये. साडेतीन मुहूर्तांपैकी एक गेला, पुढचा अक्षय्य तृतीया. तीस एप्रिल. ते पक्कं.

सकाळी एकट्याने गुढी उभारली. कडुनिंब विसरलो. खण कुठे ठेवलाय ते सापडलं नाही म्हणून माझं उपरणं लावलं. गुढी जरा माझ्यासारखी दिसली.

दुपारी ठाण्याला जेवायला. श्रीखंड-पुरी. कांता बरी दिसली, थोडी बारीक झाली आहे. ती रोज सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या मारते. तिथे कुणी भावना नावाची मैत्रीण मिळाली आहे. कांताने स्पोर्ट्स शूज घेतलेत, पांढरे. प्रवासाची तयारी सुरू आहे हे मी ओळखलं, पण बोललो नाही.

जेवताना मी तिला कंपन, परावर्तन आणि शोषण यांतला फरक सांगितला. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. श्रीखंड मात्र सान्वीने संपवलं. निघताना क्षिप्रा लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, बाबा, आईला तुम्ही कधी काही विचारता का हो, नुसतं सांगतच असता. मी म्हटलं, विचारायचं काय, ती ठणठणीत आहे. क्षिप्राने लिफ्टचं बटण दाबलं.

एकूण भेट यशस्वी.

२ एप्रिल, बुधवार.

बघितलं. क्षिप्राला चुकीचं ठरवायचं म्हणून नव्हे, पण विचारून बघितलं. कांताला मेसेज केला: काय चाललंय? उत्तर आलं: काही नाही, तुमचं? मग मी प्लायवूडच्या पेटीचं डिझाइन पाठवलं. सहा फोटो. अंगठा आला.

विचारून असं होतं.

५ एप्रिल, शनिवार.

पेटी झाली. जनरेटरभोवती चारी बाजूंनी जाड प्लायवूड, वर झाकण. रीडिंग एकदम शहात्तर. मला खरंच आनंद झाला. कुणाला तरी सांगावं म्हणून गेटवर गेलो, तर वॉचमन जेवायला गेलेला. परत आलो तोवर जनरेटर बंद पडला होता. आत भट्टी झाली होती. हवा नाही तर इंजिन गुदमरणारच, हे मला ठाऊक होतं. फक्त किती लवकर ते तपासायचं होतं.

८ एप्रिल, मंगळवार.

हवेसाठी पेटीला भोकं पाडली. आता हवा आत येते आणि आवाज बाहेर. मग पंखा बसवला. आता जनरेटरचा आवाज कमी आणि पंख्याचा जास्त. पंख्याचा आवाज कमी करायला काय करावं याचे व्हिडिओ बघितले.

डबेवाल्या बाई म्हणाल्या, काका, भाजी तशीच परत आली काल. म्हटलं, कामात होतो. म्हणाल्या, काकू कधी येणार? म्हटलं, तीस तारखेला. त्यांना तारीख सांगितल्यावर मलाच बरं वाटलं.

१३ एप्रिल, रविवार.

मोठं यश. धूर बाहेर काढणारा पाइप लांबवून गाडीखालून मागे नेला, त्याला स्कूटरचा जुना सायलेन्सर वेल्ड करून घेतला. हवा आत येते तो मार्ग नागमोडी केला, म्हणजे हवा वळत येते आणि आवाज वळताना दमतो. वर काथ्याची गादी बांधली. आम्ही कोकणातली माणसं, काथ्या आमच्या रक्तात आहे. रीडिंग सहासष्ट.

कांताला पाठवलं. यावेळी अंगठा नाही, नमस्काराचे हात. प्रगती आहे.

१४ एप्रिल, सोमवार.

सहासष्ट. काही करा, सहासष्ट.

संध्याकाळचा स्लॉट संपल्यावर वर आलो. अॅप चालूच राहिलं होतं, म्हणून सहज घर मोजलं. हॉल तेहतीस. फ्रिज बंद करून बघितला, एकोणतीस. एकोणतीस म्हणजे वाचनालयापेक्षा कमी. या घराच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार करू शकणार नाही.

कांता असताना कधी मोजलं नाही. टीव्ही, कुकर, बहिणीशी फोन, मध्येच मला हाक. साठ तरी असेल. तेव्हा मी दार लावून घ्यायचो.

आज फ्रिज पुन्हा लावला आणि त्याच्याजवळच खुर्ची घेऊन जेवलो.

१६ एप्रिल, बुधवार.

सापडलं.

दिवाणात जुनी उशी शोधत होतो. तळाशी चादरीत बांधलेलं गाठोडं, आत दोन गोधड्या. कांताच्या आईने शिवलेल्या, स्वतःच्या लुगड्यांच्या. हातात घेतल्यावर कळलं, वजनदार, मऊ, एकावर एक कितीतरी थर आणि टाका असा दाट की बोट जाणार नाही. एवढी वर्षं माल तपासला आहे, असा माल बाजारात मिळत नाही. फोम, काथ्या, रबर सगळं यापुढे फिकं. आवाज अडवायला लागतं काय, तर वजन आणि थर. दोन्ही घरातच होतं आणि मी शहाडला चकरा मारत होतो. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. कांता त्या गोधड्या पांघरत नाही. वर्षातून एकदा गच्चीत ऊन दाखवते, डांबरगोळ्या बदलते, परत बांधते. म्हणजे पडूनच आहेत.

मनात आलं, विचारावं. फोन हातातही घेतला. मग लक्षात आलं की विचारलं तर सरप्राइज राहत नाही. शिवाय हे सगळं तिच्यासाठीच चाललं आहे, तिची वस्तू तिच्याच कामी. सासूबाई असत्या तर स्वतःच म्हणाल्या असत्या, जावईबापू, घ्या. त्या माझ्याशी फारशा बोलायच्या नाहीत, पण स्वभाव देण्याचा होता.

१८ एप्रिल, शुक्रवार.

चोपन्न.

पुन्हा लिहितो. चोपन्न. एक गोधडी पेटीला आतून, एक झाकणाला. खिळ्यांनी पक्क्या बसवल्या. एका कोपऱ्याला कापावं लागलं, सायलेन्सरचा पाइप आड येत होता. गाडीत बसून दार लावलं तर जनरेटर चालू आहे हे दिव्याकडे बघूनच कळतं. मी बेडवर आडवा झालो. एसी सुरू होता. शेजारचा बेड रिकामा होता, त्यावर हात ठेवून बघितला, थरथर अजिबात नाही.

कांताला पाठवलं: ५४. कशाने झालं ते लिहिलं नाही. तिचा चक्क फोन आला. म्हणाली, झालं एकदाचं? तिच्या आवाजात हसू होतं. मी म्हटलं, अक्षय्य तृतीयेला निघू. म्हणाली, मला एकोणतीसच्या मंगळवारी तसंही यायचंय, सुती साड्या न्यायला, तेव्हा बघते तुमची गाडी. एकोणतीस म्हणजे तृतीयेच्या आदल्या दिवशी. सगळं जुळून येतंय.

२१ एप्रिल, सोमवार.

सलग तीन दिवस स्लॉटमध्ये जनरेटर चालवला. कुणी आलं नाही. स्लॉट ओलांडून चालवला, तरी नाही. म्हणून आज मुद्दाम भर दुपारी लावला. पार्किंगमध्ये उभा राहून पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होतो. पडदा हललासुद्धा नाही.

शेवटी वर जाऊन प्रभाकरांची बेल वाजवली. डोळे चोळत आले. मी विचारलं, काही ऐकू आलं का? म्हणाले, तुमची बेल. आणि दार लावलं.

यश म्हणजे हेच, पण यशाला जरा कुणीतरी हवं असतं.

२६ एप्रिल, शनिवार.

गाडीत काही वेळाने किंचित करपल्यासारखा वास येतो. नवं प्लायवूड गरम झालं की येतोच.

कांताच्या बाजूला वाचायचा दिवा लावला. तिला वाचायला आवडतं. म्हणजे पूर्वी आवडायचं.

२९ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

क्रमाने लिहितो.

कांता दुपारी आली, पांढरे बूट घालून. वर गेलीच नाही, आधी गाडी दाखवा म्हणाली. मी जनरेटर आधीच लावून ठेवला होता. ती आत येऊन बसली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, मग लावा की आता. मी म्हटलं, चालूच आहे. ती म्हणाली, काहीतरीच. उतरून मागे गेली, कप्प्याला हात लावला, परत आली आणि खळखळून हसली. मला वाटतं दोन वर्षांनी.

चहा केला, गाडीतच. ती बोलायला लागली. सान्वीला सायन्स नकोय, आर्ट्सला जायचंय, क्षिप्रा तयार नाही. भावनाला नवऱ्याच्या पश्चात घर खायला उठतं, म्हणून ती तलावावर लवकर येते. तिथे एक बगळा रोज एकाच खांबावर असतो. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. कबूल करतो, मी अॅपकडे बघत होतो, ती बोलत असताना आकडा कुठे जातो ते. पण ऐकलंही. सगळं ऐकलं.

मग ती म्हणाली, जाऊया. देवगडपर्यंत नको, लांब पडेल. चार दिवस कुठेतरी जाऊया. शांत आहे हो खरंच.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. फार बरं वाटलं.

मग म्हणाली, फक्त एसीत मला चादर पुरत नाही, थांबा, वरून आईच्या गोधड्या घेऊन येते, दोघांना दोन.

मला हसूच आलं. इतका योग. म्हटलं, वर कशाला जातेस, ये, मागे ये. आणि तिला नेऊन झाकण उघडलं.

यानंतरचं आता लिहिताना कळतंय, कारण तेव्हा मी बोलत होतो. थर कसे असतात, सुताची घनता काय, बाजारातला फोम का टिकत नाही. ती म्हणाली, बंद करा. मी बोलणं थांबवलं. ती म्हणाली, तो बंद करा. मी जनरेटर बंद केला. तिने पकड मागितली. मी काढतो म्हटलं, तर म्हणाली, हात लावू नका. एकेक खिळा तिने स्वतः उपटला. पांढरे बूट काळे झाले. सायलेन्सरच्या बाजूला हातभर भाग जळून कोळसा झालेला. तो हिरव्या लुगड्याचा भाग होता. आई माझ्या लग्नात नेसली होती ते, म्हणाली. मला माहीत नव्हतं. कधीतरी सांगितलं असणार.

तिने गोधडी नाकाशी धरली. म्हणाली, ऊन दाखवायचे तेव्हा अजून आईचा वास यायचा. आता पेट्रोलचा येतोय.

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, हो, मला विचारलं असतं तर माझ्यासाठी झालं असतं.

ओरडली नाही. ओरडली असती तर काही उत्तर तरी देता आलं असतं. दोन्ही गोधड्या घडी करून छातीशी धरल्या आणि गेटवरून रिक्षा केली. मी रिक्षामागे चार पावलं गेलो. साड्या वरच राहिल्या.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया.

मुहूर्त दिवसभर चांगला होता.

ठराव केला की रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, मागवायचं. खरं तर तेच आधी मागवायला हवं होतं. ते जळत नाही. दसऱ्यापर्यंत पेटी नव्याने करता येईल आणि मग कांताला

(नंतर.) वरचं वाक्य पुरं होईना म्हणून सोडलं.

क्षिप्राला फोन केला. रफू करणारा चांगला माणूस शोधतो म्हटलं, डोंबिवलीत फडके रोडच्या बाजूला कुणीतरी असेल. ड्रायक्लीनला देतो. हिरव्या रंगाची शेड मी हुबेहूब जुळवून आणतो, ते तर माझं कामच होतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, बाबा, काही करू नका. मी म्हटलं, काहीतरी करावंच लागेल ना. म्हणाली, नाही. प्लीज. काहीच करू नका.

ओरडत नव्हती तीही. दोघींचं हे नवीनच आहे.

१ मे, गुरुवार.

काहीच न करण्याचा पहिला दिवस. अवघड आहे. दुपारी पेटी तशीच उघडी ठेवून जनरेटर लावला, अगदी भर वामकुक्षीच्या वेळी. मुद्दाम नव्हे, पेट्रोल संपवायला. चांगला दणदणत होता. वाट बघितली. वॉचमन आला आणि म्हणाला, साहेब, प्रभाकर काका मुलाकडे गेलेत, संदेशभाऊ पण गावी, बिल्डिंग निम्मी खाली आहे, मे महिना ना. मग तोही गेला.

मी बंद केला. पेट्रोल शिल्लक आहे.

मला एकटं वाटतं. हे एकदा लिहून बघितलं. बरं वाटतं असं म्हणतात, तसं काही झालं नाही.

४ मे, रविवार.

सकाळी कांताला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. उचलेल असं वाटलं नव्हतं, पण उचलला. मी विचारलं, काय करतेस?

म्हणाली, शिवतेय.

ते कसं जमतंय विचारावंसं वाटलं, टाका कुठला घालतेस विचारावंसं वाटलं, पण त्यातून मी पुन्हा काहीतरी सांगायला लागलो असतो. म्हणून गप्प राहिलो. तिने फोन ठेवला नाही. बहुतेक बाजूला ठेवून शिवत होती. तिकडे सान्वी आर्ट्सवरून आईशी भांडत होती, कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी पंखा वाढव म्हणालं, कात्री टेबलावर पडली. बराच गलका होता.

मी ऐकत बसलो. बऱ्याच वेळाने तिला आठवलं असावं. म्हणाली, अहो, आहात का अजून? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ठेवते मग, जेवण करायचंय. ठेवू नकोस, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी बरं म्हटलं.